पाहुणे सरळ, आम्ही उलटे

खरं तर मी फक्त एका चौकोनात टिचकी मारली होती. लिनक्सच्या सेटिंगमध्ये तो चौकोन होता: चाचणीतली पॅकेजेस घ्यावीत. म्हणजे जे प्रोग्राम अजून सगळ्यांना दिलेले नाहीत, ते आधी आपल्या कॉम्प्युटरवर घालायचे आणि काय बिघडलं ते बनवणाऱ्यांना कळवायचं. (बसवकल्याणात हे करणारा मी एकटाच, असं मी ऑफिसात सांगत असे. खरंखोटं करायला कुणी आलं नाही.)

"पंगतीत वाढायच्या आधी कुणीतरी आमटी चाखतंच की," मी बायकोला समजावलं.

"सगळ्या जगाची आमटी आपल्याच घरात कामून चाखायलाव?" अंबिका म्हणाली. "आन् आजच? आज धनूला बघणार हाईत."

धनू म्हणजे धनलक्ष्मी, माझी मेहुणी. मुलगा योगीराज पुण्यात कंपनीत. त्याला रजा मिळेना, म्हणून मुलगी बघण्याचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर. ही कल्पना माझीच. आधीची स्थळं मोडलेली, त्यामुळे सासरे शिवाप्पा ठाणाकुशनूरहून येऊन कोऱ्या धोतरात घाम पुसत बसले होते. हेही मोडलं असतं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं असतं, ते सांगायला नको.

कॉल लागला. पडद्यावर योगीराज, त्याची आई आणि काका. तिघांच्याही माना एका बाजूला कललेल्या. (आपलं स्वतःचं चित्रही कोपऱ्यात दिसतं. ते मी, धनू लाजू नये म्हणून, आधीच बंद करून ठेवलं होतं. मी असा विचारी आहे.)

"सगळ्या घराला मानेचं दुखणं हाय का ओ?" अंबिका माझ्या कानाशी.

"पुण्याच्या हवेनं होतं," मी ठोकून दिलं.

तिकडून कुणी बोलेना. शिवाप्पांनी खूण केली तशी धनूनं पदर सावरला आणि नमस्काराला वाकली, पार कपाळ टेबलाला टेकेपर्यंत.

योगीराजच्या आईचा चेहराच पडला. "पोरगी वर उठून गेली की ओ. पसंत न्हाई दिसतंय."

"हितंच हाय की मी," धनू वाकल्या जागेवरूनच म्हणाली.

शेवटी योगीराजनं धीर केला. "अण्णा, राग मानू नका. तुम्ही समदे मघापासून उलटे दिसायलाव. टेबल वर, डोकी खाली. पहिल्याच भेटीत कसं बोलावं म्हणून आई गप होती."

सकाळी घातलेलं कॅमेऱ्याचं पॅकेज माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. "जरा थांबा, जुनं परत घालतो," म्हणत मी कीबोर्डवर तुटून पडलो. तेवढ्यात धनूनं मॉनिटरवरचा कॅमेरा उचलला, उलटा धरला आणि विचारलं, "आता?"

पुण्यातल्या सगळ्या माना एकदम सरळ झाल्या. ते बघून धनूला हसू आवरेना, आणि ती हसते म्हणून योगीराजही हसत सुटला.

"हसायली किती गोड," त्याची आई म्हणाली. "आम्हाला पसंत हाय. तुला गं, बाई?"

धनूनं होकाराची मान हलवली, सोबत हातातला कॅमेराही.

मला असा आनंद झाला की पाहुण्यांच्या नावानं आणलेले पेढे मीच संपवायला घेतले. तोंड भरलेलं असतानाच सासऱ्यांना म्हणालो, "बघा मामा, म्हणून आधी तपासायचं, मग लोकांना द्यायचं. बिघाड वेळीच कळतो."

शिवाप्पांनी पुन्हा घाम पुसला. "पटायलंय, जावईबापू. थोरलीच्या वेळी आमच्याकडं ही सोय नव्हती."

"काय काय बिघडलंय, ते मी यांच्या आईला कवापासून कळवायले," अंबिका माझ्या हातातला पेढा काढून घेत म्हणाली. "तिकडून दुरुस्तीच येईना."