नेनेकाकांच्या फ्रीजमधला डोंगर

नेनेकाकांच्या हॉलमध्ये काचेच्या दाराचा एक फ्रीज होता आणि त्यात दगड होते. कतारमधल्या दोहाच्या उन्हातून आलेला पाहुणा आधी त्या फ्रीजकडे मोठ्या आशेनं बघायचा, सवयीनं दार उघडायचा, आत खडी बघायचा आणि मग काकांचं तोंड बघायचा. काका शांतपणे म्हणायचे, "यल्ला, चला, दार लावा." पाणी मग स्वयंपाकघरातून यायचं.

अल सद्द भागात आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते आणि सुधाकाकू राहायचे. वर्ल्ड कपसाठी बांधल्या जाणाऱ्या एका स्टेडियममध्ये थंड हवा खेळवायचं काम काकांकडे होतं. दिवसभर वाळवंटात अख्खं मैदान गार करणारा हा माणूस घरी येऊन दोन कुंड्यांवर जीव पाखडायचा.

कुंड्यांत होती खडकजाई. हे नाव काकांनीच ठेवलेलं. हिमालयात, झाडंसुद्धा जिथं हार मानतात तिथं, कड्याच्या फटीत उगवणारं मुठीएवढं रोप. साइटवरच्या एका स्कॉटिश साहेबाला बागेचा नाद होता, त्यानं बी दिलं. या बियांना आधी थंडी सोसावी लागते, त्याशिवाय त्या जाग्याच होत नाहीत. म्हणून त्यांचा पहिला मुक्काम घरच्या फ्रीजमध्ये, ओल्या वाळूत, श्रीखंडाच्या डब्यात होता. तो डबा एकदा पुऱ्यांबरोबर थेट पाहुण्यांच्या पानापर्यंत पोचला. दुसऱ्याच दिवशी काकांनी अल मन्सूरा भागातल्या एका दुकानदाराकडून शीतपेयांचा जुना फ्रीज उचलून आणला आणि त्यात दिवा आणि इवलासा पंखा बसवला.

कुंडीत माती नावापुरती, बाकी सगळी खडी. तीही काकूंच्या रव्याच्या चाळणीनं चाळलेली. पाणी वरून घालायचं नाही. कुंडी ताटलीत ठेवायची आणि रोपाला खालून पिऊ द्यायचं. "मुळाशी ओल, गळा कोरडा," हे काका जेवताना सांगत, लिफ्टमध्ये सांगत. सर्दी झालेल्या माझ्या मुलीलाही त्यांनी हेच सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अंकल, आय ॲम नॉट अ प्लांट."

मीही खूप हसायचे. पण पहिल्यांदा ते रोप नीट पाहिलं आणि हसू थांबलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं आणि आत काचेपलीकडे रेशमी लव असलेली बोटाएवढी हिरवी उशी दगडाला बिलगून बसलेली. हे इथं जगतंय कसं, याचंच मला नवल वाटत राहिलं.

काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून दोघं दर वर्षी तपासणीसाठी मुंबईला जात. त्या वर्षी किल्ली आमच्याकडे होती आणि साताऱ्याहून माझी आई आलेली होती. काचेच्या आत, दिव्याखाली, दगडांमध्ये बसलेली दोन रोपं पाहून तिची खात्रीच पटली. आंघोळ करून तिनं रोज त्यांच्यावर तांब्याभर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. मला हे कळलं तोवर एक रोप कुजलं होतं.

परतल्यावर काकांनी कुंडीतलं कुजलेलं रोप अलगद काढलं. मग आईला म्हणाले, "देव मानलंत ते बरोबरच केलंत, आई. फक्त या देवाला अभिषेक चालत नाही."

आता एकच उरलं. स्टेडियम पुरं होत आलं होतं. सामने सुरू व्हायच्या आधीच काकांचं काम खलास आणि पुण्याचं तिकीट. रोप नेता येणार नव्हतं. फुलायचं तर त्याला इथंच, तेही आता फुलायला हवं होतं. काका ऑफिसातून काकूंना फोन करायचे तो आधी फ्रीजचं तापमान विचारायला. काकू वैतागून म्हणायच्या, "माझंही विचारत जा कधी."

एका शुक्रवारी सकाळी काकांनी आमची बेल वाजवली आणि आम्हाला त्यांच्या हॉलमध्ये नेलं. फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात खडकजाई फुलली होती. गुलाबी, तांदळाएवढ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळा डोळा.

काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "हे ते खिंडीतलं?" त्यांनी विचारलं.

काकांनी मान हलवली. मग आम्हाला सांगितलं, की लग्नाच्या वर्षी दोघं हिमालयात गेले होते. एका खिंडीत ही बाई फुलं बघायला पालथी झोपली आणि उठायलाच तयार नव्हती. बरोबरचे सगळे पुढे निघून गेले. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उंचावर जायला कायमची बंदी केली, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती एवढंच म्हणाली होती, की आता ती फुलं काही दिसायची नाहीत.

"चढायला बंदी आहे," काका काकूंना म्हणाले, "पालथं झोपायला नाही."

साठीच्या सुधाकाकूंनी पदर खोचला, फ्रीजचं दार सताड उघडलं आणि त्या फरशीवर पालथ्या झोपल्या. हनुवटी हातांवर टेकून बघत राहिल्या. थंडगार हवा आमच्या पायांवरून वाहत होती. फ्रीजवरचा तापमानाचा आकडा चढत होता. काका त्याच्याकडे पाठ करून उभे होते आणि दार लावा असं कुणालाच म्हणत नव्हते.