हजार नावांचा गिअर

"ताई, या सायकलवर पाय थांबवायचे नाहीत. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, तुमची इच्छा असो वा नसो. उतारावर तर हे अजिबात विसरू नका."

सायकलवाल्यानं हे मला तीनदा सांगितलं आणि मी तीनदा मान हलवली. न थांबण्याचं मला काय कौतुक! गेली सव्वीस वर्षं मी रोज सकाळी हजार वेळा देवाचं नाव घेते, आणि हजार पुरे होईपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढत नाही. एकदा स्वयंपाकघरातल्या पडद्यानं पेट घेतला, तेव्हाही मी यांना खुणेनंच सांगितलं. पडदा गेला, नेम राहिला.

काळजी होती ती मावशीची. कंबरेच्या ऑपरेशननंतर तिला रोज सकाळी धरून चालवायला हवं होतं. तिच्या मुलाचं, म्हणजे दादाचं, म्हणणं, आईनं आता आपल्याकडे परगावी यावं. मावशीला त्याच्या नवव्या मजल्यावर जायचं नव्हतं. "तिथं खिडकीतून दुसऱ्यांची खिडकी दिसते," ती म्हणायची. शेवटी दादानं अट घातली: रोज सातला कोणीतरी हजर पाहिजे, मी फोन करून बघणार, आणि एक दिवस जरी चुकला तरी मी तिला घेऊन जाणार. मी छातीठोकपणे म्हटलं, मी आहे ना!

म्हटलं खरं, पण मावशी राहते टेकडीवर आणि पहिली बस साडेसातची. घरात होती ती लेकीची सायकल, फिक्स गिअरची. तिला एकच गिअर, तोही आधी ठरवून बसवायचा. आणि आमचं शहर असं, की सपाट म्हणून फक्त घरातली फरशी.

सायकलवाला भला माणूस. त्यानं समजावलं की मागचं दातेरी चाक मोठं घेतलं तर चढ हलका जातो, पण उतारावर पाय शिलाई मशिनच्या सुईसारखे नाचतात. लहान घेतलं तर उतार निवांत, पण चढावर जीव कंठाशी. पुढे चाळीस दाते आहेत, मागे सतरा घ्या, असं त्याचं मत पडलं.

मी विचारलं, पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती जाते? तो बुचकळ्यात पडला, पण त्यानं हिशेब केला. मावशीचं घर चार किलोमीटर दोनशे मीटर. सतरा दात्यांवर साडेआठशे फेरे. वीस दात्यांवर बरोब्बर हजार.

माझ्या अंगावर काटा आला. एका फेऱ्याला एक नाव! मावशीच्या दारात पाय टेकला की नेम पुरा. सतरा घेतले असते तर उरलेली दीडशे नावं पुटपुटत दारात उभी राहिले असते, आणि सातच्या फोनवर बोललं कोण असतं?

"वीसच बसवा," मी म्हटलं.

"आणि उताराचं?"

"देव बघेल."

देवानं बघितलं. नुसतंच बघितलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघाले. उजव्या हातात शंभर मण्यांची माळ, एका फेऱ्याला एक मणी. पहिला चढ अगदी लोण्यासारखा गेला. मनात म्हटलं, लोक उगीच घाबरवतात. मग रस्ता खाली वळला.

आधी पाय माझ्याबरोबर होते. मग ते पुढे गेले. नाव मागे पडायला लागलं म्हणून मी घाईनं घेऊ लागले, मग मोठ्यानं. "देवा, देवा, देवा!" शेवटी पाय पॅडलवरून उडाले आणि मी दोन्ही तंगड्या हवेत धरून चालले. ब्रेक होता, पण एकच, आणि तोही उजव्या हाताला. माळ नेमकी त्याच्या दांडीत अडकलेली. ब्रेक दाबला असता तर दोरा तुटून शंभर मणी रस्त्यावर! मी विचार करत राहिले आणि उतार संपत गेला.

भाजीवाल्या बाईनं गाडी बाजूला ओढली. चौकातल्या पोलिसानं चारही बाजूंची वाहनं थांबवली. त्यांच्यामधून मी ओरडत गेले, ते थेट समोरच्या चढावर. तिथं सायकल आपोआप मंदावली आणि पॅडल पुन्हा सापडलं. माळेवरून बोट हललं नव्हतं. म्हणजे साठेक फेरे पॅडल एकटंच फिरलं होतं. ओरडले होते ती नावं? भीतीपोटी घेतलेली नावं मी धरत नाही.

मागून एक दूधवाला मोटारसायकलवर आला. लागलं का, ब्रेक गेला का, नाव काय, असं विचारत राहिला. मी काय बोलणार? सातशे अकरावर होते. "देवा," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. राहता कुठं, म्हणाला. मी टेकडीवरच्या मावशीच्या निळ्या दाराकडे बोट केलं. तो भुर्रकन पुढे गेला.

मी पोचले तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती आणि मी नऊशे चाळीसवर होते. मावशी दारातच होती, कानाला फोन, शेजारी दूधवाला. दूधवाल्यानं तिला सांगून टाकलं होतं की बाईंना अपघात झालाय आणि धसक्यानं वाचा गेलीय. फोनवर दादा ते सगळं ऐकत होता.

"बोल बाई त्याच्याशी," मावशीनं फोन माझ्या तोंडाशी धरला. "तो आत्ता निघतोय मला न्यायला. एक शब्द बोल."

साठ नावं उरली होती. सव्वीस वर्षं एकीकडे, मावशी एकीकडे. मी म्हटलं भराभर उरकते, आणि धापा टाकत फोनमध्येच "देवा, देवा, देवा" सुरू केलं. पलीकडे दादा म्हणाला, "बास. मी गाडी काढतो."

मावशीचे डोळे भरून आले. मी खाली बघितलं आणि मला तिचे पाय दिसले. उंबऱ्याच्या बाहेर. काठी आत खुर्चीला टेकलेली, आणि धरायला कोणीच नाही. मी बोटानं तिचे पाय दाखवले. तिनंही खाली बघितलं. क्षणभर घाबरली. मग फोन स्वतःच्या कानाला लावला.

"ऐक. मी इथवर एकटी चालत आले आहे. तुझा विश्वास नाही ना? फाटकापर्यंत जाते आणि तिथून बोलते. तोवर किल्ली हातात घ्यायची नाही."

तिनं फोन दूधवाल्याकडे दिला आणि त्याला पुढे फाटकाशी पाठवलं. मी हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला.

"तू आधी तुझं पुरं कर. तुझ्या भरवशावर राहिले असते तर अजून आतच बसले असते."

आणि पदर सावरून, एका हातानं भिंतीला नुसतं बोट लावत, ती फाटकाकडे निघाली. मी दोन पावलं मागे. नऊशे एकोणसाठ.