उजव्या भांगाचा कॅप्टन

बर्नबीच्या स्टुडिओत तयार होणाऱ्या 'दूरची कक्षा' या अंतराळमालिकेच्या सातव्या हंगामात लेखकांना काही सुचेनासे झाले. त्यामुळे मालिकेचे नायक कॅप्टन ऑर्डवे यांना दुःस्वप्ने पडू लागली.

कथा अशी, की कॅप्टन झोपला की त्याच्या पायाशी हुबेहूब त्याच्यासारखाच एक दुष्ट कॅप्टन येऊन उभा राहतो, आणि चौथ्यांदा जाग आल्यावर तो जातच नाही. दोघे ओळखू कसे यायचे, यावर अडीच तास बैठक झाली. सज्जनाचा भांग डावीकडे आणि दुर्जनाचा उजवीकडे, असा ठराव एकमताने संमत झाला.

दोन्ही कॅप्टन अर्थातच वेंडेल टर्कॉट करणार होता. हा नाकासमोर चालणारा माणूस. कॅप्टन होण्यापूर्वी तो अकरा वर्षे गाद्यांच्या जाहिरातींत घोरत असे. पुढच्या हंगामात कॅप्टन राहणार की नाही, याचा निर्णय या भागानंतर व्हायचा होता. पुन्हा घोरायला जावे लागेल, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

घोडे अडले ते कामाच्या तक्त्यात. उद्या कोण किती वाजता येणार, याचा तक्ता रोज निघतो आणि त्यात प्रत्येक पात्राला क्रमांक असतो. वेंडेल सहा वर्षे क्रमांक एक होता. दुष्ट कॅप्टनला चौदा मिळाला. एक क्रमांक म्हणजे एक माणूस, असे संगणकाचे ठाम मत असल्यामुळे त्याने चौदाला वेगळी गाडी, वेगळी खुर्ची आणि विश्रांतीसाठी वेगळी खोली-गाडी देऊन टाकली.

सोमवारी पहाटे वेंडेल क्रमांक एकच्या गाडीतून कामावर गेला. मागच्या गाडीत डार्लीन कूपचाक ही चालकबाई बसली होती. ती हलेना.

"अगं बाई, तो गेला की!" वेंडेलची बायको नॉरीन दारातून म्हणाली.

"एक गेले. मला चौदा न्यायचेत," डार्लीन म्हणाली. "कलाकार बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा नियम आहे. तुम्ही त्यांना उठवा तरी. झोपाळू दिसतायत."

दुपारपर्यंत नॉरीनने तिला टोमॅटोचे सूप दोनदा पाजले. तिकडे वेंडेल उजवा भांग पाडून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तर त्याला बाजूला करण्यात आले, कारण चौदा गैरहजर होता. संध्याकाळी चौदाच्या नावे ताकीद निघाली.

वेंडेल कचेरीत इल्से थॉर्वाल्डसनबाईंकडे गेला. या बाई सगळ्यांच्या हजेरी-तक्रारी पाहत आणि कोणाकडेही न पाहता बोलत.

"माफ करा, त्या ताकिदीबद्दल बोलायचं होतं."

"आपण क्रमांक एक. दुसऱ्या कलाकाराची खासगी माहिती मी आपल्याला देऊ शकत नाही."

"पण बाई, चौदा मीच आहे!"

"दुसऱ्याच्या भूमिकेवर हक्क सांगणं हा वेगळा गुन्हा होतो, मिस्टर टर्कॉट. मी ऐकलं नाही, असं समजते."

आलिया भोगासी म्हणून मंगळवारी तो डार्लीनच्या गाडीतून गेला. त्या दिवशी एक गैरहजर लागला. मग बुधवारपासून वेंडेल पहाटे क्रमांक एक म्हणून स्टुडिओत जाई, हजेरी लावी, टॅक्सीने घरी परते, भांग बदली आणि डार्लीनसोबत पुन्हा स्टुडिओत येई.

"एकांपेक्षा तुम्ही बरे," डार्लीन आरशातून म्हणाली. "ते फार गोड गोड बोलतात. मला तर संशयच येतो."

एके दिवशी धो धो पाऊस होता. दोन खेपांत वेंडेल चिंब भिजला. त्याच्या खोली-गाडीतला हीटर दुसऱ्या हंगामापासून नुसता कुरकुरत होता. मोठा हीटर मिळावा म्हणून त्याने एकोणीस अर्ज केले होते आणि प्रत्येकाखाली 'आगाऊ आभार' लिहिले होते. आभार तेवढे स्वीकारले गेले. आता तो चौदाच्या खोलीत कुडकुडत उभा होता. भांग उजवीकडे होता. तो आयुष्यात प्रथमच ओरडला.

"इथं माणसं ठेवलीत की सॅमन मासे गोठवायला घातलेत? दहा मिनिटांत हीटर आला नाही तर मी चाललो!"

आठ मिनिटांत दोन हीटर आले. मागोमाग गरम मफिन आले आणि खुद्द निर्माता ब्रॉक विचारायला आला, की काही कमी तर नाही? सरळ बोटाने तूप निघत नाही हे वेंडेलला लहानपणापासून माहीत होते. बोट वाकडे करण्यात इतकी मजा असते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डावा भांग पाडून तो आपल्या खोलीत शिरला, तर तिथला कुरकुरणारा हीटरही गायब होता. आलेल्या दोनांतला एक तोच होता. तो पुन्हा इल्सेबाईंकडे गेला.

"म्हणजे चौदांविरुद्ध तक्रार," बाई खूश होऊन म्हणाल्या. "समेटाची बैठक घ्यावी लागेल. दोघांना सोयीची वेळ जमत नाहीये, तेव्हा सकाळी आपण आणि दुपारी ते."

आता बर्नबीच्या या देशात रिवाज असा आहे, की कोणी आपल्या पायावर पाय दिला तर माफी आपण मागायची. आईच्या दुधातूनच ते येते. त्याचा फायदा कोणी घेऊ नये, म्हणून माफी मागणे हा गुन्ह्याचा कबुलीजबाब धरू नये, असा कायदासुद्धा प्रांताने केला आहे. पण तो कोर्टाला लागू आहे. स्टुडिओ काही कोर्ट नव्हे.

सकाळी क्रमांक एक दारातून आत आला आणि म्हणाला, "माफ करा, तुम्हाला उगाच त्रास दिला." बाईंनी ते लिहून घेतले. दुपारी भांग बदलून तोच माणूस आला. या खटल्यात एक म्हणून आपण हरता कामा नये, म्हणून त्याने चौदाला होता होईल तो उद्धट केले. पाय टेबलावर टाकले आणि म्हणाला, "माझं काय चुकलं? कामाला लागा!" बाईंनी तेही लिहून घेतले.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. एकाने चूक कबूल केली होती, दुसऱ्याने नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी हा न्याय जुनाच आहे, पण इथे तो तीन प्रतींत आला. क्रमांक एकला मालिकेतून मुक्त करण्यात येत होते. पटकथाही रातोरात बदलली. सज्जन कॅप्टन अंतराळात ढकलला जातो आणि दुष्ट कॅप्टन जहाज ताब्यात घेतो. दुःस्वप्ने थांबतात.

"प्रेक्षकांना दाखवून पाहिलंय, कॅप्टन," ब्रॉक चौदाच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "शंभरातल्या नव्वदांनी लिहिलंय, पहिला कॅप्टन फार चांगला माणूस आहे, असा घरोघरी हवा. तो पडद्यावर असताना ते सगळे फोन बघत होते."

वेंडेलची नोकरी टिकली. घोरायला जावे लागणार नव्हते. तरीही शेवटच्या दृश्यात डाव्या भांगाने जहाजाच्या दारापलीकडे जाताना त्याला खरेच रडू आले. दिग्दर्शकाने ते कापले, कारण लांबत होते.

शनिवारी सकाळी तो न्हाणीघरात कंगवा घेऊन उभा राहिला. आता सुट्टी, म्हणून त्याने भांग डावीकडे पाडला. नॉरीनने आत डोकावून पाहिले.

"अरे, उजवीकडेच असू दे ना आज."

"का?"

"प्लंबर यायचाय. तीन आठवडे तू त्याला 'जमेल तेव्हा या' म्हणतोयस."

वेंडेलने भांग बदलला. प्लंबर अकराला आला आणि बाराच्या आत नळ दुरुस्त करून, पाय पुसून गेला.

आता वाचक हळहळतील. पण खरे सांगा, वेंडेल एकोणीस अर्ज करत होता तेव्हा किती पाने उरलीत ते तुम्ही चाळून पाहिलेत, आणि तो सॅमनवरून ओरडला तेव्हा कुठे नीट सरसावून बसलात. त्या शंभरांतले नव्वद कोण, ते शोधायला लांब जायला नको. आरसा जवळच असेल. फक्त त्यात भांग उलट्या बाजूला दिसतो, एवढे ध्यानात असू द्या.