झोपाळ्यावरचं विजेचं गिरमिट

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या पापडी गावात विजेचं गिरमिट हातात धरणारा पहिला माणूस मीच! पंचावन्न साली मी कामाला होतो त्या कारखान्यातून एका दिवसासाठी मागून आणलं होतं. कारणही तसंच होतं. माझा धाकटा भाऊ गुरुदत्त याला चांदीप गावच्या नरहरीकाकांची मुलगी शांता मनापासून आवडली होती, आणि त्या रविवारी काका आमचं घर बघायला येणार होते. ते नाही म्हणाले की संपलंच! म्हणून ओटीवर, झोपाळ्याच्या वर, तुळईला भोक पाडून विजेच्या दिव्याची हंडी टांगायची आणि त्यांचे डोळे दिपवायचे, असं मी ठरवलं.

"अहो, नथू सुताराला बोलवा," माझी बायको अनसूया म्हणाली.

"तो अर्धा दिवस घालवेल. मला अर्धं मिनिट पुरे!"

स्टूल तोकडं पडलं. मग काय, चढलो झोपाळ्याच्या फळीवर!

"दादा, खाली उतर!" गुरुदत्त ओरडला. तो कॉलेजात सायन्स शिकायचा, त्यामुळे त्याला भीती फार. "गिरमिट तुळईला जितका जोर लावेल, तितकाच उलटा जोर तुला बसणार. जमिनीवर पाय रोवून माणूस तो पेलतो. झोपाळ्यावर कसा पेलशील?"

"तुळई काय करणार मला? लहानपणापासून ओळखते ती!"

मी कळ दाबली. ती दाबलेलीच राहावी म्हणून शेजारचं बटणही आत ढकललं. डोक्यावर भुसा पडू लागला, मी खुशीत! इतक्यात तुळईत कुठलासा जुना खिळा लागला आणि गिरमिटाचं टोक अडकलं. टोक फिरायचं थांबलं आणि मी फिरू लागलो!

"सोडा ते!" अनसूया किंचाळली.

"सोडलं तर पडेन!"

झोपाळ्याच्या साखळ्यांना पीळ बसला, वायर कमरेला गुंडाळली, आणि नेमके तेव्हाच नरहरीकाका दारात!

"ह्यो कोन फिरतोय?"

"माझे मोठे भाऊ," गुरुदत्त पुटपुटला आणि त्याने धावत जाऊन प्लग उपटला.

गिरमिट गप्प झालं. मी हात सोडून साखळी धरली. वाटलं, सुटलो! पण आता साखळ्यांचा पीळ उलगडू लागला. मी उलटा गरगरलो, एक पाय निसटून हवेत गेला, आणि चपला काढायला वाकलेल्या काकांची टोपी उडून थेट अनसूयेच्या हातातल्या पोह्यांच्या परातीत!

सोयऱ्याची टोपी उडवल्यावर सोयरीक कसली राहते! गुरुदत्तचं तोंड तर पाहवेना.

काकांनी शांतपणे टोपीवरचे पोहे झटकले.

"वायर कोनी काढली?"

"मी," गुरुदत्त म्हणाला.

"मंग पोरगी दिली. डोकं थंड हाय पोराचं."

मला इतका आनंद झाला की पुन्हा एक गिरकी मारावीशी वाटली!

लग्नात काकांनी आमच्या घरातल्या सगळ्यांना मानाचे कपडे केले. मीही ऐटीत पुढे झालो. माझ्या पुडक्यातून निघालं नथू सुताराकडून करून घेतलेलं, लाकडी मुठीचं हातगिरमिट! आणि काका भर मांडवात म्हणाले, "थोरले भाऊ, ह्ये तुमी फिरवायचं. ह्ये काय तुमाला फिरवनार नाय!"