आजीपुरवठा उपसमिती

गरजू माणसाला नेमकी कशाची गरज आहे, हे ठरवण्याचं काम त्याच्या एकट्यावर सोपवणं योग्य नसतं. म्हणून अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींनी युक्रेनहून दोन मुलांना घेऊन आलेल्या लेस्याच्या मदतीसाठी समिती नेमली आणि उल्काला तिची निमंत्रक केलं. उल्का एका औषध कंपनीत डेटा तपासते, त्यामुळे भावनेच्या भरात काही करून बसण्याची तिला सवय नाही.

लेस्याची मागणी तशी एकच होती. तिला डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची नोकरी मिळाली होती, येत्या सोमवारपासून. चार वर्षांच्या सोल्याची शाळा दुपारी सुटते, लेस्या संध्याकाळी सुटणार. मधल्या वेळात मुलीजवळ कोणीतरी बसायला हवं. डे-केअर परवडायचं तर आणखी एक नोकरी करावी लागली असती (आणि त्या वेळेसाठी आणखी एक डे-केअर). सोमवारपर्यंत सोय झाली नाही तर नोकरी दुसऱ्या कोणाला जाणार होती.

समितीने हा मुद्दा 'इतर' या सदरात टाकला आणि ती शिक्षणाकडे वळली, कारण शिक्षण तिला येत होतं.

लेस्याचा मुलगा मार्को दहा वर्षांचा. कृष्णाने (स्पेलिंग-बी स्पर्धेच्या दोन विजेत्यांचा बाप, म्हणून शिक्षणप्रमुख) त्याची गणिताची चाचणी घेतली. मुलगा आपल्या इयत्तेच्या दोनच वर्षं पुढे निघाला. कृष्णाने ही बातमी लेस्याला जरा हळुवारपणेच सांगितली. "घाबरू नका. अजून वेळ गेलेली नाही." बघता बघता मार्कोला अबॅकस, बुद्धिबळ आणि रोबोटिक्स लागलं; तो निर्वासित आहे हे आता ओळखू येईना. खार्किव्हला तो तळघरात बसून भूमिती शिकला, हे कळल्यावर तर घरोघरच्या मुलांना ऐकवलं गेलं, "बघा! तुम्हाला स्वतंत्र खोली असून जमत नाही."

शुक्रवारी 'इतर'ची पाळी आली. मुलं सांभाळण्याच्या प्रश्नावर या समाजाने फार पूर्वीच शास्त्रशुद्ध उत्तर शोधलेलं आहे: आई आणावी. ती व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहते. तिची मुदत संपता संपता सासू उतरते. (विमानतळावर व्हीलचेअर मागवावी. पुण्यात रोज टेकडी चढणाऱ्या आईला ती हमखास लागते.) या व्हिसावर काम करायला बंदी आहे, पण नातवंडं, चौघांचा स्वयंपाक आणि कपड्यांच्या घड्या हे काम नव्हे, याबद्दल सर्व जावयांचं एकमत आहे.

उल्काने लेस्याला सोल्यासकट चहाला बोलावलं आणि स्पॉन्सर लेटरचा नमुना तिच्यापुढे ठेवला.

"तुझी आई कधी येऊ शकेल?"

"ती नाही येणार."

"व्हिसा रिजेक्ट झाला?"

"नाही. ती शिक्षिका आहे. वर्ग मेट्रो स्टेशनात भरतो. मुलं येतात, म्हणून ती जाते."

उल्काने नमुन्यातल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "बरं, आणि सासूबाई?"

"नवरा आघाडीवर आहे. त्या म्हणतात, मी त्यांच्या मुलाला टाकून पळाले."

उल्काने कप खाली ठेवला. निर्वासित वगैरे ठीक होतं. पण ही बाई इतकी आपल्यातली असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात उल्काच्या सासूबाई, प्रतिमाताई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना येऊन चौथा महिना चालू होता. "अगं, मग पोरीला इथेच सोडू दे की. मी दिवसभर त्या बर्फाकडेच बघत असते."

"आई, असं करता येत नाही. लायबिलिटी असते. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर?"

"शेंगदाण्याचे दोन लाडू संपवून बसलीय ती टेबलाखाली. असती तर एव्हाना कळलं असतं."

प्रयोगाची पद्धत चुकीची होती, पण निष्कर्ष निर्विवाद होता. उल्का विज्ञानाची पदवीधर; तिने ॲलर्जीचा मुद्दा मागे घेतला.

"आजी, शी डझन्ट इव्हन स्पीक मराठी!" उल्काच्या मुलाने, सात वर्षांच्या ईशानने, हरकत घेतली.

"मग? तू तरी कुठे बोलतोस?"

सोमवारी लेस्या कवळ्या बनवायला गेली. महिन्याभरात सोल्या 'नको', 'अजून' आणि 'गप बस' एवढं मराठी बोलू लागली. (ईशान 'नको'पर्यंत पोचला आहे.) समितीच्या अहवालात 'बालसंगोपन: शंभर टक्के यश' अशी नोंद झाली; नमुन्याचा आकार, म्हणजे एक मुलगी, तळटीपेत दिला आहे. यशाच्या समारंभात समितीचा फोटो निघाला. प्रतिमाताई त्यात नाहीत, कारण सगळ्यांची मुलं तेव्हा त्यांच्याजवळ होती.

आता अडचण एवढीच, की मार्चमध्ये प्रतिमाताई परत जाणार. पुढचा उन्हाळा कृष्णाच्या नागपूरच्या आई निभावतील. त्यानंतरचं कोणी नाही, आणि लेस्याची नोकरी तर तेव्हाही राहायला हवी. शिवाय आणखी तीन युक्रेनी कुटुंबांनी चौकशी केली आहे. म्हणून ही आजीपुरवठा उपसमिती स्थापन झाली असून तिचं वाचकांना नम्र आवाहन आहे: आई तिकडे एकटीच असते, तब्येत ठणठणीत आहे, तिला इकडे जरा बदल होईल, असं आपण परवाच म्हणालात, त्याची नोंद घेतली आहे. आपण तीन दिवस घरूनच काम करता, हेही उपसमितीला माहीत आहे. पण दुपारी आपण स्वतः बसाल का, असं ती आपल्याला मुळीच विचारणार नाही. उपसमितीवर सगळी आपलीच माणसं आहेत.