ब्रिजवर टाकलेला मोडेम

“ह्या गावमा पहिला अँटेना कोनी उभा करा? मी! मंग हाऊ डबा माले लावता येवाव नही?”

पुण्याहून मुलाने, नवनीतने, पाठवलेलं खोकं फोडत पितांबर आप्पांनी ही गर्जना केली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. खोक्यातून नवा राऊटर निघाला. चारही दांड्या वर करून बसलेला, अगदी पालथ्या स्टुलासारखा!

कंपनीने दिलेल्या मोडेमचं वायफाय ओसरी ओलांडत नव्हतं आणि गजराबाईंची खाट मागच्या खोलीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या टीव्हीच्या बॉक्सवर माणसं आधी तोंड हलवायची आणि मग बोलायची. एरवी चाललं असतं हो! पण आज लग्नानंतर बारा वर्षांनी नवनीतच्या मुलीचं बारसं होतं. अकरा वाजता, पुण्यात. पाळणा म्हणायचा मान आजीचा, तोही खाटेवरून, टीव्हीवरच्या व्हिडिओ कॉलवर. गजराबाई आठवडाभर खाटेवर पडल्या पडल्या तोच गुणगुणत होत्या.

आप्पांनी नवनीतला फोन लावला. तिकडे पाहुण्यांचा गलका.

“आप्पा, दोन राऊटर एक घरमा झगडतीन! कंपनीना मोडेम ब्रिजवर टाकी द्या, मंग आपला चालू करा. फोन ठेवस मी!”

आता ब्रिज म्हणजे गोमाई नदीवरचा पूल, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक! मोबाईल नवे होते तेव्हा रेंज फक्त तिथेच यायची. संध्याकाळी सगळं गाव फोन डोक्यावर धरून पुलावर उभं. नवनीत शिकायला पुण्याला गेला, तेव्हा त्याचा पहिला फोनही आप्पांनी तिथेच घेतला होता. “आप्पा, माले घर येनं शे,” म्हणून पोरगा रडला आणि “आवाज येत नही रे” म्हणून आप्पांनी फोन बंद केला. आवाज स्वच्छ येत होता. आप्पांचाच फुटायला लागला होता.

तर, दोन सासवा एका घरात नांदत नाहीत, एकीला दूर ठेवायची, हे आप्पांना पटलं. त्यांनी मोडेम उपटला, पिशवीत घातला, सायकल काढली आणि पुलाच्या कठड्यावर नीट नेऊन ठेवला. वाऱ्याने पडू नये म्हणून शेजारी दगडही लावला.

घरी येऊन बघतात तो कंपनीची बारीक वायर नव्या राऊटरच्या एकाही भोकात बसेना. आप्पांनी ती चिकटपट्टीने बसवली! दिवे लागले. टीव्ही मात्र दोन्ही काळे, ओसरीतला आणि मागच्या खोलीतलाही. आप्पांनी लांब वायर जोडली आणि सवयीने राऊटर घेऊन गच्चीवर चढले.

“उनं का?” ते वरून ओरडले.

“नही!”

“आते?” त्यांनी राऊटर तोरणमाळच्या डोंगराकडे फिरवला.

“पहिले मुंग्या तरी ये!” खालून गजराबाई ओरडल्या. “आते मुंग्या बी नहीत! ओ नवनीतना बाप, साडेदहा व्हई ग्यात!”

हेच बोलणं चाळीस वर्षांपूर्वी, अँटेना फिरवताना, याच गच्चीवरून झालं होतं. तेव्हा गजराबाई नवी नवरी होत्या आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या तरी हसायच्या. आज त्यांचा आवाज ओला होता. आप्पांचा ताठा तिथेच गळाला.

नवनीतला विचारावं, तर घरात रेंज शून्य! फोन चालायचा तोही वायफायवरच. आता उरला पूल.

शेजारच्या दोधूने ट्रॅक्टर काढला. चौघांनी गजराबाईंना खाटेसकट ट्रॉलीत चढवलं.

“काय भो, दवाखानामा का?” वाटेत जो तो विचारी.

“नही, बारसाले!” दोधू ओरडे. मग ऐकणाराही मागून चालू लागे.

पुलावर मोडेम जागेवर होता. एक बकरी त्याला हुंगत होती. अकराला पाच कमी असताना फोन लागला आणि तळहाताएवढ्या पडद्यावर नात दिसली. गळा काढून रडत होती.

“आप्पा, तुम्ही पूलवर काबर? मोडेम कोठे शे?”

“हाऊ काय!” आप्पांनी फोन कठड्याकडे वळवला. “ब्रिजवर!”

पुण्यातलं अख्खं बारसं खो खो हसायला लागलं. नवनीतही हसला, पण मागचा पूल ओळखून त्याने फोन डोळ्यांजवळ नेला.

गजराबाईंनी खाटेवरूनच पाळणा सुरू केला. मागून आलेल्या बायांनी सूर धरला. दोन्हीकडच्या रस्त्यांवर गाड्या थांबल्या, एकानेही हॉर्न दिला नाही. नात झोपली. नवनीत डोळे पुसत होता.

“आवाज येत नही रे,” असं म्हणून आप्पांनी तोंड फिरवलं. या वेळी मात्र फोन बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. ब्रिज हे मोडेममधलं एक सेटिंग असतं, हे त्याने सांगितलं आणि दोन मिनिटांत केलंही. दोन्ही टीव्ही लखलखीत! मागच्या खोलीत नात भिंतभर दिसू लागली.

“आते खुश ना?” आप्पांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं.

गजराबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर.

“रविवारले पूलवरच जाऊत. तठे पोर कशी झोपनी!” त्या म्हणाल्या. “आनि ते कंपनीनं डबडं काढी ल्या बरं का. त्यानाबिगर तठे फोन लागाव नही!”