सातचं माहेरपण

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी उंबरटेकच्या प्राथमिक शाळेतून सात ही संख्या पंधरा दिवसांच्या रजेवर गेली. अर्ज रीतसर होता. कारणाच्या रकान्यात 'प्रकृती' असं लिहिलेलं होतं आणि खाली सही होती.

शाळेला शून्य ते नऊ असे दहा आकडे मंजूर असतात आणि गावाचा सगळा व्यवहार त्यांच्यावरच चालतो. म्हणून मुख्याध्यापक ढवळे सरांनी अर्ज दोनदा वाचला. पण शाळा सुरू झाल्यापासून सातने एकही रजा घेतली नव्हती, आणि वेळही तिने समजूतदारपणे निवडली होती. चातुर्मासात लग्नं लागत नाहीत, म्हणजे सप्तपदीची खोटी होणार नव्हती. सरांनी मंजुरीची सही केली.

गावाने सांभाळून घेतलं. सकाळी सातची एसटी सहालाच येऊन उभी राहू लागली आणि आठ वाजले की निघू लागली. सतरा, सत्तावीस वगैरे सातच्या घरच्याच, त्याही घरी बसल्या. आठवडा सहा दिवसांचा झाला, पण कमी झालेला दिवस रविवार होता आणि रविवार तसाही कुणी मोजत नाही.

अडलं ते तिसरीच्या वर्गात. मैथिली भास्कर नलावडे या मुलीचा हजेरी क्रमांक सात होता.

"बाई, मी आहे की," मैथिली पहिल्या दिवशी म्हणाली.

"दिसतेयस गं बाळ," वर्गशिक्षिका अत्तार बाई म्हणाल्या. "पण सहानंतर माझा पेन आठवरच उतरतोय."

दुसऱ्या दिवशी सरांनी लेखी आदेश काढला : सात रजेवर असेपर्यंत तिचा कार्यभार पाच व दोन यांनी संयुक्तपणे सांभाळावा. पाच आणि दोन कामाला चांगले होते. फळ्यावरची उदाहरणं त्यांनी निभावली. हजेरीत मात्र पाच नंबरवर तन्मय होता आणि दोनवर आलिया, त्यामुळे मैथिली हजर राहिली की त्या दोघांचीच हजेरी दुप्पट लागायची. मैथिली वर्गात बसायची, डबा खायची, कविता म्हणायची, आणि नसायची.

मैथिलीची आई कुंदा हिने हे ऐकलं तेव्हा ती जिवतीच्या चित्रासमोर बसून फुलवाती वळत होती. तिच्या हातातली फुलवात अर्धीच राहिली.

कारण कुंदाने देवीला सात शुक्रवार बोललेले होते. पोरीला गणिताची भीती वाटते, ती जाऊ दे, एवढंच मागणं होतं. पाच शुक्रवार निर्विघ्न पार पडले होते, सहावा तोंडावर आला होता. पण सहाव्यानंतर सातवा येणार कुठून?

"मग आठवाच कर की," शेजारच्या शकूकाकू म्हणाल्या. "एक जास्तीचा झाला तर देवी काय परत पाठवणारे?"

"सात बोललेय, काकू. आठ केले तर ते दुसऱ्याच कुणाचं व्रत होईल."

"बाई, तुझं आपलं एकेक," असं म्हणून काकूंनी वाटीभर साखर नेली.

सहाव्या शुक्रवारी संध्याकाळी कुंदाने देवापाशी दिवा लावला, मैथिलीने हात जोडून 'शुभं करोति' म्हटलं, आणि तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं.

दारात सात उभी होती. अंगाने बारीक, पाठीला बाक, हातात कापडी पिशवी. ओळखायला वेळ लागला नाही. कॅलेंडरवर रोजची पाहण्यातली.

"वहिनी," ती म्हणाली, "चार दिवस मारुतीच्या देवळात काढले. तिथे भजनाला बसवतात. या घरात माझं नाव मनापासून घेतलं जातं असं कानावर आलं, म्हणून आले. माहेरपणाला राहू का?"

श्रावणात दाराशी आलेल्या बाईला नाही म्हणायची कुंदाच्या घरात पद्धत नव्हती. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि सातला आत घेतलं.

गिरणीतून भास्कर आला. मिशांवर पीठ होतं. त्याने पाहुणीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"अहो, या सात. माहेरपणाला आल्यात."

"बरं," भास्कर म्हणाला. "किती दिवस?"

आठवडाभर म्हणावं तर ते म्हणता येईना. "बघू," कुंदा म्हणाली.

"राहू दे. मला बहीण नाहीच," असं म्हणून तो हातपाय धुवायला मोरीवर गेला. तेव्हापासून सात त्याला दादा म्हणू लागली आणि कुंदा सातला वन्सं.

सात पाहुणी म्हणून गुणी होती. वाती वळायची, दळणातले खडे निवडायची, पुरणाला जायफळ किती लागतं ते चाखून सांगायची. फक्त मोजायची नाही. एकदा कुंदाने सहज विचारलं, "वन्सं, तेवढे लाडू किती झाले बघता?" तर तिने मान वळवली.

"रजेत काम केलं की रजा मोडते, वहिनी. तुमच्या शुक्रवाराचं मला कळतं. वाईटही वाटतं. पण नियम आहे."

कुंदाने मग तो विषय काढला नाही. पुढचा शुक्रवार आला. तिने उपास केला, पूजा केली, दूध-साखरेचा आणि फुटाण्यांचा नैवेद्य दाखवला, पण तो शुक्रवार कितवाच नव्हता. नुसता आला आणि गेला.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर अत्तार बाई घरी आल्या. सातला पाहून त्यांनी नमस्कार केला, मग पर्समधून कागद काढला.

"कुंदाताई, गुरुवारी चाचणी आहे. वरून पत्र आलंय. ज्याला क्रमांक नाही त्याला पेपर नाही, आणि ज्याला पेपर नाही त्याला दुसरीत बसवायचं. मी सरांशी भांडले. सर म्हणाले, मी तरी काय करू, पत्र टाईप केलेलं आहे."

"पण वन्सं सोमवारी हजर होतील ना? पंधरा दिवस भरतात," कुंदाने सातकडे पाहिलं.

सातने पदराशी चाळा केला. "मी वाढवून घेतेय. प्रकृतीत फरक नाही."

अत्तार बाईंचा चहा निवून गेला. बाहेर पडताना त्या दारातच हळू म्हणाल्या, "तुम्ही सांगून बघा. शाळेच्या माणसाचं ती ऐकणार नाही."

पण कुंदाने सांगायचं कसं? माहेरवाशिणीला आता नीघ म्हणणारी वहिनी ते पाप कुठे फेडणार? दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. एकीकडे पोरीचं वर्ष, दुसरीकडे उंबरा ओलांडून आलेली बाई. देवापुढे बसली तरी हेच. शेवटी सोमवारी उपास सोडताना तिने हळूच विचारलं.

"वन्सं, होतंय तरी काय तुम्हाला? म्हणजे दुखतं कुठे?"

सातने हातातला घास ताटात ठेवला.

"वहिनी, तिन्हीसांजेला या गावात घरोघरी परवचा म्हणतात. दोनचा पाढा खणखणीत, पाचचा खणखणीत, दहाचा तर विचारू नका. माझा आला की सात एके सात जोरात. सात दुणे चौदा. मग आवाज खाली. मध्ये नुसतं गुणगुणतात, भुंगा फिरावा तसं. आणि एकदम सात दाहे सत्तर, की संपलं. माझ्या मधल्या लेकींना कुणी नावानं हाकच मारत नाही. वर्गात तेच, घरात तेच. किती वर्षं सोसायचं?"

मैथिली पाटाच्या कडेला नख खरवडत होती. कुंदाने ते पाहिलं आणि तिचे स्वतःचेच कान गरम झाले.

"ती माझ्याकडूनच शिकली, वन्सं," ती म्हणाली. "मी लहानपणी असंच म्हणायचे. आजही सात आठी किती ते मला येत नाही. ती गुणगुणली की मी समई सारखी करत बसते. ऐकू आलं नाही असं दाखवते. दिव्यासमोर रागवू नये म्हणतात ना, ते मला बरं पडतं."

भास्कर ताटावरून उठता उठता थांबला. "मी पण भुंगाच आहे," तो म्हणाला. "गिरणीत साठ किलोच्या वर गेलं की मी मोबाईल काढतो."

सातने भाजी परत वाढून घेतली.

मंगळवारी तिन्हीसांजेला कुंदाने दिवा लावला आणि नैवेद्याचे उरलेले फुटाणे परातीत ओतले. मैथिलीला समोर बसवलं. स्वतः तिच्या शेजारी बसली, मांडी घालून, पोरीसारखी.

"आज दोघी म्हणू. न येईल तिथे थांबायचं. गुणगुणायचं नाही."

"थांबलं की हसतात गं."

"इथे कोण हसतंय?"

सात खांबाला टेकून बसली होती. ती हसत नव्हती.

एके, दुणे, त्रिक नीट गेले. सात चोकला मैथिलीचा आवाज खाली जायला लागला, सवयीने. कुंदाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मैथिली थांबली. घरात एवढं शांत झालं की वातीचा चटचट आवाज आला.

"आई, शाळेत आता सातच्या जागी पाच आणि दोन बसतात. मग इथेही बसवू का?"

"बसव."

मैथिलीने फुटाण्यांच्या चार ओळी मांडल्या. प्रत्येक ओळीत पाच, मग बोटभर जागा सोडून दोन. "पाच चोक वीस," ती पाचांकडे बघत म्हणाली. "दोन चोक आठ." मग दोन्हीकडे एकदम बघितलं. "वीस नि आठ. आई, अठ्ठावीस. सात चोक अठ्ठावीस."

"परत म्हण. नावानं."

"सात चोक अठ्ठावीस."

खांबापाशी सात थोडी सरळ झाली.

पस्तीस आली, बेचाळीस आली, एकोणपन्नासला जरा वेळ लागला कारण मैथिलीने मध्येच दोन फुटाणे खाल्ले होते आणि हिशेब लागेना. कुंदाने डब्यातून दोन काढून दिले. मग सात आठी आलं. इथे कुंदाच थांबली. शाळेत इथेच तिला बाकावर उभं केलं जायचं.

"आई, तू सांग. मी मांडते."

"पाच आठी चाळीस," कुंदा म्हणाली. हे तिला येत होतं. "दोन आठी सोळा." तिने डोळे मिटले. चाळीस नि सोळा. "छप्पन्न," ती म्हणाली, आणि डोळे उघडून परातीकडे पाहिलं. "सात आठी छप्पन्न. एवढंच होतं होय गं हे?"

"एवढंच," मैथिली म्हणाली.

नवे त्रेसष्ट, दाहे सत्तर. मग दोघींनी सगळा पाढा पहिल्यापासून म्हटला. दोनदा थांबल्या, पण गुणगुणल्या नाहीत. भास्कर ओट्यावर बसून ओठ हलवत होता.

म्हणून झाल्यावर सात उठली, परातीपाशी आली आणि उकिडवी बसून एकेका ओळीवरून बोट फिरवू लागली. शेवटची ओळ झाल्यावर म्हणाली, "सत्तर आहेत. बरोबर."

कुंदा दचकली. "वन्सं, तुमची रजा मोडली."

"मोडू दे," सात म्हणाली. "असं ओळीनं मला कुणी मांडलं नव्हतं."

बुधवारी सकाळी कुंदाने तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि मोरपंखी रंगाचं ब्लाऊजपीस. तांदूळ तिने मोजून सात मुठी घातले. घालता आले. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत भास्कर सायकलवर पिशवी घेऊन सोबत गेला. ढवळे सरांनी हजर झाल्याचा अर्ज घेतला, तारीख टाकली, शिक्का मारला आणि पाच व दोन यांना कार्यमुक्त केलं.

गुरुवारी चाचणीच्या आधी अत्तार बाईंनी हजेरी घेतली. सहानंतर त्यांचा पेन घसरला नाही.

"सात. मैथिली भास्कर नलावडे."

"हजर, बाई."

पेपरात चौथं उदाहरण असं होतं : एका डब्यात सात लाडू, तर आठ डब्यांत किती? मैथिलीने समासात चाळीस लिहिले, खाली सोळा लिहिले, रेघ मारली. बाकीच्या पेपरात तिची तीन उदाहरणं चुकली. पण ती घरी आली तेव्हा रडलेली नव्हती, आणि कोणती चुकली ते तिला सांगता येत होतं.

शुक्रवारी कुंदाने सातव्या शुक्रवारचं उद्यापन केलं. सात सवाष्णी जेवायला हव्यात. शकूकाकू धरून सहा झाल्या. सातव्या पाटावर सात येऊन बसली. सरांकडून दोन तासांची सवलत घेऊन आली होती.

"हिचं लग्न झालंय का पण?" शकूकाकूंनी कुंदाच्या कानात विचारलं.

सातला ते ऐकू गेलं. "काकू, गावातल्या प्रत्येक लग्नात शेवटचं पाऊल माझ्यावरच पडतं. याहून काय पाहिजे?"

काकूंनी विचार केला आणि तिला हळद-कुंकू लावलं.

पंगत उठली, विडे झाले. निघताना सात उंबऱ्यापाशी घुटमळली.

"वहिनी, एक सांगू? आठची प्रकृतीही अलीकडे बरी नसते. बोलत नाही, पण मला दिसतं. बाजूलाच असते ना."

"पाठवा की त्यांना," कुंदा म्हणाली. "श्रावण संपायला अजून अवकाश आहे. फक्त चादर वाळायला हवी."

त्या संध्याकाळी मैथिलीने आपणहून आठचा पाढा काढला. आठ एके आठ, आठ दुणे सोळा, आठ त्रिक चोवीस. चौथ्याला आवाज खाली जाऊ लागला तशी ती स्वतःच थांबली आणि फुटाण्यांचा डबा ओढून घेतला. कुंदा आतून धुतलेली चादर घेऊन आली, ती तिने दोरीवर पसरली, आणि लेकीशेजारी मांडी घालून बसली.